तोंडाला हातमोजा

मी बोलतोय. अहो, इकडे नाही, वर! अजून वर. छताला उलटी चिकटवलेली पांढरी वाटी दिसते ना, तो मी. स्मोक डिटेक्टर म्हणतात मला. धुराचा वास घ्यायचा आणि बोंब ठोकायची, बस्स, एवढंच माझं काम. जन्माला येऊन एकच काम शिकलो, तेही मला धड करू दिलं नाही लोकांनी. आणि वर म्हणतात, हल्लीच्या यंत्रांचा भरवसा नाही. वा रे वा!

आमच्या कारखान्यात बाळ जन्मलं की त्याच्या नाकावर धूर सोडतात. जो ओरडला तो पास, जो गप्प बसला तो भंगारात. मी असा काही ओरडलो म्हणून सांगू, तपासणारी बाई कानावर हात ठेवून म्हणाली, "अगं आई गं! हा पठ्ठ्या नाव काढणार." मी पण खूश. खोक्यात बसून स्वप्नं बघत होतो. वाटलं, मोठी गोदामं असतील, कागदाच्या गिरण्या असतील, काहीतरी भारी असेल.

आलो कुठे? फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये. पहिला मजला, बाहेर काउंटर, आत एक खोली. कंबर, मान, गुडघे, खांदे, ज्याचं जे दुखतं ते घेऊन माणसं येतात आणि एकमेकांना आपलं दुखणं कसं मोठं ते सांगत बसतात.

क्लिनिकच्या मालकाला सगळे सर म्हणतात. एकटी त्याची आत्या त्याला ढब्या म्हणते, आणि तेही भर पेशंटांसमोर. लहानपणी तो गोल गरगरीत होता आणि हिच्याच कडेवर वाढला, त्यामुळे तिला कोण अडवणार? मीही मनातल्या मनात त्याला ढब्याच म्हणतो. सर म्हणवून घ्यायला काहीतरी लायकी लागते, बॉस.

मला बसवायला आलेला वायरमन शहाणा होता. म्हणाला, "साहेब, ह्याच्या बरोबर खाली गरम पाण्याची टाकी येतेय. वाफेनं वाजत राहील. पलीकडच्या कोपऱ्यात लावू का?"

ढब्या म्हणाला, "छे छे, तिकडे माझी सर्टिफिकेटं लावलीयत. त्यांच्यावरून वायर गेलेली कशी दिसेल? इथंच लाव, मधोमध. छान दिसतोय."

छान दिसतोय! मी काय झुंबर आहे?

आता ती टाकी काय, ते सांगतो. तिच्यात शेकाच्या पिशव्या दिवसभर गरम पाण्यात बुडवून ठेवतात. पेशंट आला की शेकमामा झाकण उघडतो, चिमट्यानं पिशवी काढतो, टॉवेलात गुंडाळतो आणि दुखऱ्या जागेवर ठेवतो. शेकमामा म्हणजे शेक देणारा मदतनीस. माणूस गरीब, हात गोड, डोकं मात्र कायम सुट्टीवर. त्यानं झाकण उघडलं की वाफेचा लोट भसकन माझ्या नाकात. मी ओरडणार नाही तर काय आरती म्हणणार?

पहिल्यांदा ओरडलो तेव्हा अख्खं क्लिनिक जिन्यात. एक आजोबा गुडघेदुखी विसरून दोन-दोन पायऱ्या उतरले. मग हळूहळू लोक नुसते वर बघायला लागले. पुढे पुढे तर तेही बंद. मी जीव तोडून कोकलतोय आणि खाली शेकमामा म्हणतोय, "ओरड बाबा, ओरड. तुला तरी कोण आहे दुसरं?"

शेवटी काउंटरवरची ताई वैतागली. फोनवर पेशंटला वेळ सांगायची आणि मी मध्येच केकाटायचो.

"सर, ह्याचं काहीतरी करा हो! डोकं उठलंय माझं."

"काढून टाकू?" शेकमामानं विचारलं.

"वेडा आहेस का? इमारतवाले तपासायला येतात," ढब्या म्हणाला. "तो असायला तर हवा, पण वाजायला नको."

बघा हं. ऐका नीट. असायला हवा, पण वाजायला नको. अशा विचाराचा माणूस लोकांच्या पाठीचे कणे सरळ करतो!

ताईनं टेबलावरच्या खोक्यातून एक हातमोजा उपसला. पेशंटला जेल लावताना घालतात तो, पातळ, पांढरा. ताणून दाखवत म्हणाली, "हा घालू या त्याला?"

"अरे वा! ह्याला म्हणतात डोकं!" ढब्या तिच्यावर एवढा खूश झाला की विचारू नका. शेकमामा स्टुलावर चढला आणि माझ्या तोंडावर तो हातमोजा असा घट्ट ओढला की माझं नाक, तोंड, सगळं गायब. पाच बोटं खाली लोंबत राहिली. मला दोन हात पलीकडे सरकवायला वायरमनला कितीसा वेळ लागला असता? पण नाही. भिंतीवरची सर्टिफिकेटं सुंदर दिसली पाहिजेत ना!

तेव्हापासून मी त्या खोलीत मुका. आणि मुक्यासमोर माणसं काय काय करतात, ते बघून घ्यावं.

शेकमामानं एक शोध लावला. खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर एक एक्स्टेन्शन बोर्ड होता. एकाच बोर्डवर टाकी, शेकासाठी मेण वितळवायचं भांडं, चहाची किटली आणि सगळ्यांचे मोबाइल. बोर्ड बिचारा तापायचा. शेकमामानं त्याला हात लावून बघितला आणि काय म्हणाला असेल? "सर, ह्याच्यावर ओले टॉवेल ठेवले तर पटकन वाळतात!" बोर्ड तापतो हे त्याला कळलं. का तापतो, हा प्रश्न काही पडला नाही. ढब्यालाही पडला नाही. तो म्हणाला, "झकास! वेगळं ड्रायर नको." मग रोज त्या बोर्डवर दमट टॉवेलांचा डोंगर. मी वरून बघतोय, बघतोय, आणि तोंडाला हातमोजा.

अशात आत्याची कंबर धरली. मणक्याची गादी सरकली होती. ढब्यानं तिला रोज दुपारी ट्रॅक्शन द्यायचं ठरवलं. म्हणजे टेबलावर उताणं झोपवायचं, छातीला एक पट्टा, कमरेला एक पट्टा, आणि पायाकडचं मशीन तो कमरेचा पट्टा ओढून धरतं. मणके जरा मोकळे होतात. आराम पडतो म्हणे. पण पट्टे आवळले की माणूस पार्सल. हलायचं नाव नाही.

पहिल्याच दिवशी आत्या उताणी पडली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "ढब्या, हे काय गाईच्या आचळासारखं लोंबतंय?"

"आत्या, हळू! अलार्म आहे तो. धूर झाला की वाजतो. पण वाफेनंही बोंबलतो, म्हणून गप्प केलाय."

"आणि खरंच धूर झाला तर?"

"धूर झाला तर आपल्याला दिसेलच की!"

"हो का? मग कुत्रा कशाला पाळायचा, चोर आला की दिसेलच की!"

त्याच क्षणी मी आत्याच्या प्रेमात पडलो. अख्ख्या क्लिनिकमध्ये एक माणूस डोकं वापरत होतं आणि त्याला यांनी टेबलाला बांधून ठेवलं होतं.

मशीनबरोबर एक बटण येतं, लांब वायरचं. पेशंटच्या हातात द्यायचं. काही त्रास झाला की दाबायचं, मशीन थांबतं आणि घंटी वाजते. आत्यानं ते फॅन वाढवायला दाबलं. मग कमी करायला दाबलं. मग शेकमामाची मुलगी कितवीत आहे ते विचारायला दाबलं. झालं! ताईनं बटणाची वायर गुंडाळली आणि भिंतीवरच्या खिळ्याला टांगली. "आत्या, काही लागलं तर हाक मारा, आम्ही इथंच आहोत."

आम्ही इथंच आहोत. हे वाक्य मला फ्रेम करून त्या सर्टिफिकेटांशेजारी लावायचंय.

मग आलं ते मॉक ड्रिल. इमारतवाल्यांनी सांगितलं होतं, आगीचा सराव करा आणि फोटो पाठवा. नेमका दुपारचा वेळ. शेकमामानं माझा हातमोजा काढला, कारण फोटोत दिसायला नको! ढब्यानं काठीनं माझं बटण दाबलं. काय सांगू तुम्हाला, कित्येक दिवसांनी ओरडायला मिळालं. मी असा गळा काढला की काचा थरथरल्या. खाली धावाधाव. "चला, चला, रांगेत! ढकलू नका!"

आणि टेबलावर पट्ट्यात बांधलेली आत्या. "अरे, मी काय करू?"

ढब्या दारातून म्हणाला, "आत्या, तू पडून राहा गं. हे तुझ्यासाठी नाहीये."

"मग आग काय फक्त स्टाफला लागते का रे?"

उत्तर द्यायला होतं कोण? सगळे खाली. रांग लावली, माणसं मोजली, अंगठे वर करून फोटो काढला. परत आल्यावर ताईनं फोटोखाली काय लिहिलं ते मोठ्यानं वाचून दाखवलं: "सुरक्षितता, आमची सवय." सगळे खुदुखुदु हसले. आणि शेकमामा स्टूल घेऊन आला. पुन्हा हातमोजा.

आता पुढचं नीट ऐका. इथं हसण्यासारखं फारसं नाही.

जेवणाची सुट्टी होती. बाकी पेशंट गेलेले. आत्याच्या कमरेखाली शेकाची पिशवी ठेवून, पट्टे बांधून, मशीन सुरू करून, एसीची हवा जाऊ नये म्हणून खोलीचं दार लावून सगळे बाहेर डबे उघडून बसले. शेकानं आत्याचा डोळा लागला. मोबाइल छातीवर.

टॉवेलांच्या डोंगराखाली काहीतरी तडतडलं. ज्वाळा वगैरे नाही, आधी नुसता करपट धूर. एक बारीक रेघ वर आली. धूर नेहमी आधी माझ्याकडे येतो, माणसांकडे नंतर. म्हणून तर मला वर लावतात! तो आला, हातमोज्याला टेकला, पाच बोटांभोवती फिरला, छताला पसरला. मी आतून तयार. ये, ये, एक कण तरी आत येऊ दे, मग बघ! पण रबर कसलं आत येऊ देतंय. पांढरी बोटं माझ्यासमोर करडी झाली आणि मी गप्प.

आत्या खोकत जागी झाली. "शेकमामा! काय जाळतोयस रे?"

मग तिनं मान वळवली आणि कोपरा बघितला. आता टॉवेलांच्या कडेला लाल दिसत होतं. तिनं कमरेचा बकल ओढला. मशीन ताणून धरलेलं, बकल कसला सुटतोय! हात लांब केला बटणाकडे. बटण खिळ्यावर.

"अरे कोणी आहे का? धूर झालाय! ढब्या!"

बाहेरून ताईचा आवाज. "आत्यांना पाणी हवं असेल. एवढा घास खाते नि देते."

घास खा, बाई. सावकाश खा. चावून खा.

मग धूर दाराखालून बाहेर गेला असावा, कारण एकदम किंकाळी. "आग! सर, आग!" खुर्च्या पडल्या, डबे पडले, पावलं जिन्यावरून धडधडत खाली. आणि शांतता. एवढी शांतता की मशीनची कुरकुर ऐकू येत होती.

वरच्या झरोक्यातून खालच्या आवारातला ढब्याचा आवाज आला, अगदी सरावात होता तसाच. "रांगेत! काउंटर?"

"आले!"

"शेक?"

"आलो, सर!"

"सगळे सुखरूप! शाब्बास! फायर ब्रिगेडला फोन झाला?" "झाला!" आणि टाळ्या. खोटं सांगत नाही, टाळ्या वाजल्या. केवढा छान सराव केला होता यांनी. सरावात आत्या नव्हती, म्हणून आगीतही नव्हती.

आत्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला. तिनं पदर नाकाला लावला, मोबाइल उचलला, ढब्याला फोन लावला. त्यानं कापला. पुन्हा लावला. पुन्हा कापला. टिंग करून मेसेज आला. आत्यानं डोळे बारीक करून वाचला: "सध्या कामात आहे. नंतर फोन करतो."

"नंतर म्हणे! मुडद्या, नंतर कोणाला करशील?"

तिनं काउंटरचा फोन लावला. दाराच्या पलीकडे रिकाम्या खोलीत तो वाजत राहिला, वाजत राहिला. तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला. मी वरून बघितलं. एवढी तोंडाळ बाई, पण क्षणभर अगदी लहान मुलीसारखी दिसली. धूर आता माझ्यापासून खाली उतरत तिच्या टेबलाकडे निघाला होता.

मग तिनं तिसरा नंबर लावला आणि मोबाइल कानाशी दाबून धरला. ढब्याच्या आईला. आपल्या वहिनीला.

"वहिनी, ढब्याला फोन लावा."

पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "अहो वन्सं, कंबर कशी आहे? कालपेक्षा बरी का?"

"कंबर गेली खड्ड्यात! क्लिनिकला आग लागलीय, मला टेबलाला बांधून तुमचा लेक खाली उभा आहे. माझा फोन कापतोय. तुमचा कापायची त्याची छाती नाही. लावा लवकर!"

"अगं बाई!" आणि फोन बंद.

लाखांची मशीनं, बटणं, सराव, रांग, मी स्वतः, सगळे एकीकडे. आणि एकीकडे आईचा फोन. खालून आवाज आला, "हां आई, बोल. हो, आम्ही सगळे ठीक... कोण?"

त्यानंतर जिन्यावर जी पावलं आली तशी मी कधी ऐकली नव्हती. दार धाडकन उघडलं. ढब्या ताठ उभा आत घुसला, तोंडावर रुमाल, आणि सरळ धुरात डोकं घातलं. ठसका लागून भिंतीला धडकला.

"खाली वाक, गाढवा! वर सगळा धूर आहे!"

तो रांगत आला. बकल ओढू लागला. रोज हातानं शंभरदा सोडतो तो बकल, आणि आता नुसता ओढतोय, ओढतोय. "सुटत नाहीये गं, आत्या, सुटत नाहीये!" रडत होता तो, खरंच.

"आधी मशीन बंद कर!" आत्या खोकत म्हणाली. "पट्टा ताणलाय ना, मेल्या!"

त्यानं स्विच चाचपला. मशीन थांबलं, पट्टा सैल पडला, बकल सुटला. छातीचा पट्टा त्यानं कसा सोडला ते मला दिसलं नाही, तोवर धुरात खालचं काही दिसत नव्हतं. फक्त ऐकू आलं. फरफटत नेल्याचा आवाज, आत्याचा खोकला, आणि ढब्याचं एकच पालुपद, "आलो ना, आलो ना, आत्या, आलो ना."

फायर ब्रिगेडवाल्यांनी बोर्डची वीज तोडून पाण्याचे चार फवारे मारले, टॉवेलांचा डोंगर विझला. आत्याला दवाखान्यात नेलं, नाकाला ऑक्सिजन लावला. घसा बसला तिचा, म्हणजे तेवढे दिवस घरात शांतता होती म्हणे.

ब्रिगेडचे साहेब खोलीत फिरले, मग वर बघितलं. माझा हातमोजा काळा ठिक्कर, बोटं आक्रसलेली.

"हे काय आहे?"

 शेकमामा पुटपुटला, "साहेब, तो वाजायचा."

"वाजायचा! म्हणून तोंड बांधलंत? उद्या पेशंट कण्हायला लागला तर त्याच्याही तोंडाला हातमोजा बांधाल?"

साहेबांनी तो सोलून काढला. खोलीत अजून धूर रेंगाळत होता, तो माझ्या नाकात शिरला, आणि मी सुटलो! आग विझल्यावर, माणसं वाचल्यावर, सगळं संपल्यावर असा काही बोंबललो की ताई आणि शेकमामा पुन्हा जिन्यातून खाली पळाले. आणि बघा, पळताना दोघांपैकी कोणी मागे वळून बघितलं नाही. सवय हो, सवय!

आत्या बरी होऊन आली ती थेट ट्रॅक्शनच्या खोलीत. "ढब्या, झोप टेबलावर."

"आत्या, बाहेर पेशंट बसलेत."

"बसू देत. झोप."

तो झोपला. आत्यानं स्वतःच्या हातानं पट्टे आवळले, जरा जास्तच आवळले, मशीन सुरू केलं आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. "वाजव रे शेकमामा, आणि सोडवा तुमच्या सरांना."

मी वाजलो. आता बघा गंमत. शेकमामा बकलाला झोंबला, मशीन चालूच. ताईनं मशीन बंद केलं, पण छातीचा पट्टा उलटा ओढला आणि ढब्या गुदमरून किंचाळला. मग त्याला उचलायला गेले तर टेबलाची चाकं लॉक नव्हती, टेबल भिंतीकडे निघालं. दारापर्यंत आले तेव्हा तिघंही घामाघूम.

आत्या म्हणाली, "मेला असता. पुन्हा."

पुन्हा केलं. पुन्हा मेला. मग जरा कमी मेला. आत्यानं मग दोघांना डोळे मिटून करायला लावलं, कारण धुरात काय दिसणार आहे? त्या दिवशी ढब्या एवढ्यांदा बांधला गेला आणि सोडवला गेला की त्याचीच कंबर धरली. मला कोण आनंद झाला!

आता मी कोपऱ्यात आहे. तोच वायरमन आला होता, मला सरकवायला त्याला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. माझी वायर ढब्याच्या सर्टिफिकेटांवरून आडवी गेलीय आणि काय रुबाबदार दिसतेय म्हणून सांगू! धुरानं थोडा पिवळा पडलोय, पण नाक शाबूत आहे.

मला काय म्हणायचंय, तुम्हीही कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात काम करत असाल किंवा तिथं पट्ट्यात, सुयांत, नळ्यांत अडकून पडत असाल. सराव करता? करा. फोटो काढा, अंगठे वर करा, माझी ना नाही. पण जो स्वतः उठून पळू शकत नाही, त्याच्यापासून सुरुवात करा ना राव! पळणारे पळतातच. त्यांना कसला सराव लागतो?

आत्या अजून येते. टेबलावर चढायच्या आधी विचारते, "आज सोडवणारा कोण?" कोणीतरी पुढे येऊन "मी" म्हटल्याशिवाय आडवी होत नाही. तिचं बघून बाकीचे पेशंटही विचारायला लागलेत, ताईच्या कपाळावर आठ्या पडतात. पडू देत. तुम्हीपण विचारा, लाजू नका. ओरडायचं माझ्याकडे लागलं, ते मी जीव तोडून करेन. पण पट्टा सोडायला मला हात नाहीत.